यंत्राचं नाव वेगळं, कामाचं नाव वेगळं

मंडळी, रेल्वेच्या तिकिटावर नागपूर ‘एनजीपी’ असतं आणि विमानाच्या तिकिटावर ‘एनएजी’. दोन्ही बरोबर. पण एकाच कार्यालयात निम्म्या सर्व्हरांची नावं एनजीपीने आणि उरलेल्यांची एनएजीने सुरू होत असतील, तर रात्री दोन वाजता फोनवर नाव ऐकून टाइप करणारा माणूस चुकणारच. म्हणून सगळ्यांत आधी शाखांचे कोड ठरवा. सीताबर्डीचं कार्यालय, हिंगण्याचा कारखाना, बुटीबोरीचं गोदाम, प्रत्येकाला तीन अक्षरं, आणि ती लिहिलेला कागद सर्व्हर रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला. आज सर्व्हरांना आणि इतर यंत्रांना नावं कशी द्यायची ते सांगतो. नावं मी उच्चारतो तशी सांगणार आहे. टाइप करताना ती रोमन लिपीत आणि सगळी लहान अक्षरांत घ्यायची. डीएनएसला, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेला, लहान-मोठं अक्षर सारखंच, पण स्क्रिप्ट, लॉग आणि बॅकअपच्या फोल्डरांना तसं नसतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते, तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. मराठी नाव रोमनमध्ये एकाच पद्धतीने लिहिलं जात नाही. सर्व्हरला ‘वैनगंगा’ नाव दिलं तर एक जण व्हीने सुरुवात करतो, दुसरा डब्ल्यूने. ‘सीताबर्डी’त कोणी ‘बर्डी’ लिहितो, कोणी इंग्रजी पाटीवरचं ‘बुल्डी’. ‘धरमपेठ’मध्ये मधला ए कोणी घालतो, कोणी गाळतो. पेंच, ताडोबा, बोर ही नावं मात्र कोणालाही सांगा, बहुतेक वेळा एकच स्पेलिंग येतं. म्हणून नाव पक्कं करण्याआधी पाच जणांना ते फोनवर सांगा आणि टाइप करायला लावा. पाचही उत्तरं सारखी आली तरच नाव ठेवा. अंकही दोन आकडी घ्या, ०१ पासून, म्हणजे यादी क्रमाने लागते.

नद्यांची किंवा अभयारण्यांची नावं छान वाटतात आणि वीस-पंचवीस यंत्रांपर्यंत उत्तम चालतात, कारण लक्षात राहतात. पण आधी पुढचा विचार करा. नद्या घेतल्या आणि एका सर्व्हरचं नाव ‘वर्धा’ झालं, मग दोन वर्षांनी वर्ध्याला शाखा निघाली, की ‘वर्धा बंद आहे’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. ‘नाग’ नदीचं नाव दिलं तर ते शहराच्या विमानतळ कोडशी टक्कर घेतं.

आता नियम. होस्टनेममध्ये, म्हणजे यंत्राच्या नेटवर्कवरच्या नावात, रोमन अक्षरं, अंक आणि मधली आडवी रेघ एवढंच चालतं. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी येत नाही. दोन टिंबांमधला एक तुकडा जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा आणि पूर्ण नाव २५३ चं. अंकाने सुरू होणारं नाव १९८९ पासून मान्य आहे, पण नुसत्या आकड्यांचं नाव ठेवू नका, काही प्रोग्राम त्याला आयपी पत्ता, म्हणजे यंत्राचा आकडी पत्ता, समजतात. अंडरस्कोअर सगळ्यांत फसवा. विंडोजवर तो चालून जातो, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. मग बाइंड हा डीएनएस सर्व्हर झोन, म्हणजे डोमेनच्या नोंदींची फाइल, लोड करायला नकार देतो, सुरक्षित जोडणीसाठी लागणारं प्रमाणपत्र मिळत नाही, आणि जावाचा प्रोग्राम पत्त्यातून होस्टचं नाव काढायला जातो तेव्हा रिकामं उत्तर येतं. डीएनएसमध्ये अंडरस्कोअर दिसतो तो सेवांच्या विशेष नोंदींसाठी. यंत्रांच्या नावांसाठी नाही. देवनागरी डोमेनही खुशाल घ्या, डॉट भारत आहेच, पण ते लोकांना दिसणाऱ्या संकेतस्थळासाठी. डीएनएसच्या आत त्याचं ‘एक्सएन’ने सुरू होणारं न वाचता येणारं रूप होतं, आणि लॉगमध्ये तेच वाचत बसावं लागतं.

६३ ची मर्यादा वाचून लांबलचक नाव ठेवू नका. विंडोज नेटवर्कात यंत्रांना नावाने ओळखणारं जुनं नेटबायोस अजून जिवंत आहे आणि त्याची मर्यादा १५ अक्षरांची आहे. ‘हिंगणा-प्रॉडक्शन-डीबी-०१’ हे नाव रोमनमध्ये रेघांसकट २३ अक्षरांचं होतं. नेटबायोस त्यातली पहिली पंधरा ठेवतं, म्हणजे ‘प्रॉडक्शन’ शब्दही पुरा होत नाही. ०१ आणि ०२ दोघांची पहिली पंधरा अक्षरं सारखीच. दुसरं यंत्र विंडोज डोमेनला (कार्यालयातल्या यंत्रांच्या आणि खात्यांच्या एकत्र नोंदीला) जोडताना नाव आधीच वापरात असल्याची तक्रार येते, किंवा त्याहून वाईट, ते पहिल्याच्या खात्यावर जाऊन बसतं आणि पहिल्या यंत्राचं लॉगिन तुटतं. बारा अक्षरांच्या आत राहा, दोन-तीन पुढे लागतातच.

आता मूळ मुद्दा. लोक यंत्राच्या नावात काम घालतात: ‘टॅली-सर्व्हर’, ‘बिलिंग’, ‘मेल’. तीन वर्षांनी टॅली दुसऱ्या यंत्रावर जातं. मग जुन्या यंत्राचं नाव खोटं ठरतं आणि चाळीस क्लायंटांवर पत्ता बदलत फिरावं लागतं. यंत्राचं नाव त्याच्या अस्तित्वासाठी असतं, कामाचं नाव लोकांच्या सोयीसाठी. दोन्ही ठेवा, पण वेगवेगळी. यंत्राला ‘पेंच’ किंवा ‘व्हीएम-०७’ म्हणा, त्याची ए नोंद, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी ओळ, आयपीकडे करा. मग ‘टॅली’ नावाची सीनेम, म्हणजे टोपणनावाची, नोंद करा, ती पेंचकडे बोट दाखवील. कर्मचाऱ्यांना, शॉर्टकटांना, प्रिंटरांना फक्त ‘टॅली’ माहीत असावं. काम हललं की एकच ओळ बदलायची. मात्र ज्या नावावर सीनेम आहे त्यावर दुसरी कोणतीही नोंद ठेवता येत नाही. मेल सर्व्हर सांगणाऱ्या एमएक्स आणि डीएनएस सर्व्हर सांगणाऱ्या एनएस नोंदींनीही सीनेमकडे बोट दाखवायचं नसतं, तिथे यंत्राचं खरं नावच द्या.

जागेचा कोड यंत्राच्या नावात घालावा का? रॅकमध्ये बोल्टने बसवलेल्या लोखंडाच्या बाबतीत हो, कारण ते हलत नाही, आणि वीज गेली की कोणत्या इमारतीत पळायचं ते कळतं. व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे दुसऱ्या यंत्रात सॉफ्टवेअरने चालणाऱ्या यंत्राच्या, बाबतीत माझं स्पष्ट मत ‘नाही’ असं आहे. ते आज सीताबर्डीत असतं, उद्या बुटीबोरीच्या होस्टवर हलवलेलं असतं.

आता डोमेन. आपल्या नेटवर्कापुरतंच आहे म्हणून काहीही शेपूट लावायची सवय महागात पडते. सर्वांत जास्त दिसतं ते ‘डॉट लोकल’. २०१३ पासून ते मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे, त्यात यंत्रं सर्व्हरविना आपापसांत नावं विचारतात. मॅक किंवा अवाही (हेच काम करणारा प्रोग्राम) चालू असलेलं लिनक्स या नावासाठी तुमच्या डीएनएस सर्व्हरकडे न जाता नेटवर्कभर २२४.०.०.२५१ वर, ५३५३ पोर्टला हाक मारतं. कोणी ओ दिली नाही की नाव सापडत नाही. गोंधळ असा होतो की नाव तपासणारं ‘एनएसलुकअप’ बरोबर उत्तर देतं, कारण ते सरळ डीएनएस सर्व्हरला विचारतं, पण यंत्र उत्तर देतं का ते पाहणारं ‘पिंग’ नाही म्हणतं. ‘डॉट डेव्ह’ कोणाचंच नाही असं समजून कितीतरी जणांनी वापरलं. ते खरं सार्वजनिक डोमेन झालं आणि २०१७ च्या शेवटी क्रोमने त्यावर एचटीटीपीएसची, म्हणजे प्रमाणपत्र असलेल्या सुरक्षित जोडणीची, सक्ती केली, एका अपडेटमध्ये आतल्या चाचणीच्या साइट उघडेनाशा झाल्या.

राखीव आणि सुरक्षित शेपट्या दोन. घरासाठी ‘होम डॉट आरपा’, २०१८ पासून. संस्थांसाठी ‘डॉट इंटर्नल’, जे डोमेनांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने जुलै २०२४ मध्ये कायमचं खासगी वापरासाठी बाजूला ठेवलं. फरक एवढाच की होम डॉट आरपाची डीएनएससेकमध्ये, म्हणजे डीएनएसची उत्तरं सहीनिशी तपासण्याच्या पद्धतीत, तशी सोय करून ठेवलेली आहे. डॉट इंटर्नल वापरताना मात्र पडताळणी करणाऱ्या रिझॉल्व्हरला (यंत्रांसाठी डीएनएसची उत्तरं शोधून आणणाऱ्या प्रोग्रामला) ते डोमेन अपवाद म्हणून सांगावं लागतं, अनबाउंड या रिझॉल्व्हरमध्ये ‘डोमेन-इनसिक्युअर’ या ओळीने. नाहीतर मूळ सर्व्हर ‘असं डोमेन नाहीच’ असं सहीनिशी सांगतो आणि रिझॉल्व्हर त्यावर विश्वास ठेवतो.

तरीही संस्थेकडे स्वतःचं डोमेन असेल, तर मी त्याच्याखालचाच तुकडा घ्या म्हणेन. उदाहरणासाठीच राखून ठेवलेलं एक्झाम्पल डॉट कॉम घेऊ: आतल्या यंत्रांसाठी ‘लॅन डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’. मोठं कारण प्रमाणपत्रांचं. खासगी शेपटीच्या नावांना सार्वजनिक संस्था प्रमाणपत्र देत नाहीत, ते दहा वर्षांपूर्वीच बंद झालं. मग स्वतःची प्रमाणपत्र-यंत्रणा उभारा आणि तिचं मूळ प्रमाणपत्र प्रत्येक फोनमध्ये, प्रिंटरमध्ये, जावाच्या प्रमाणपत्रांच्या पेटीत घाला. स्वतःच्या डोमेनवर डीएनएस पडताळणीने लेट्स एन्क्रिप्ट या सार्वजनिक संस्थेचं प्रमाणपत्र मिळतं. बाहेरच्या झोनमध्ये एक टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद लागते, सर्व्हर इंटरनेटवर उघडा करावा लागत नाही. फक्त हे ध्यानात ठेवा की दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत जातं. ‘पगार-डीबी’ असं नाव घेतलंत तर ते जगाला दिसतं. त्यावर उपाय वाइल्डकार्ड प्रमाणपत्र, म्हणजे एका तुकड्याखालच्या सगळ्या नावांना चालणारं एकच. ते एकाच पातळीला पुरतं, लॅनच्या खाली आणखी तुकडा पाडला तर त्याला नाही. वाइल्डकार्ड प्रमाणपत्रात ठेवा, डीएनएसमध्ये नको. तिथे ठेवलं तर चुकीचं टाइप केलेलं प्रत्येक नाव कुठेतरी पोचतं आणि चूक लपते.

तुकडा पाडायचा कंटाळा करून काही जण मुख्य डोमेनचीच आत एक वेगळी प्रत चालवतात. मग बाहेर संकेतस्थळाचा पत्ता बदलतो आणि आतली प्रत कोणी बदलत नाही. साइट मोबाइल डेटावर उघडते, कार्यालयात उघडत नाही, आणि दोष इंटरनेट कंपनीला दिला जातो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीला, म्हणजे विंडोजच्या खात्यांच्या यादीला, मुख्य डोमेनचं नाव दिलं, तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूविना टाइप केलेला पत्ता थेट डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे ती यादी सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, जातो. तिला ‘एडी’ असा स्वतंत्र तुकडा द्या, आणि पहिल्याच दिवशी द्या. नंतर नाव बदलणं फार कष्टाचं, आणि त्यात एक्स्चेंज हा मेल सर्व्हर बसवला असेल तर मायक्रोसॉफ्टचा त्याला पाठिंबाच नाही.

नोंद करताना क्रम पाळा. आधी ए नोंद, तिच्याबरोबर पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी पीटीआर नोंद, आणि मगच पिंग. उलट केलंत तर ‘नाही’ हे उत्तरही कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठतं, झोनच्या सुरुवातीच्या एसओए नोंदीत लिहिलेल्या वेळेपर्यंत. तिथे एक दिवस लिहिला असेल तर नोंद बरोबर असूनही कित्येक तास, कधी दिवसभर, नाव सापडत नाही. डेबियन किंवा उबंटूवर नाव बदलताना ‘होस्टनेमसीटीएल’ या कमांडनंतर ‘होस्ट्स’ फाइलमधली १२७.०.१.१ ची ओळही बदला, पूर्ण नाव आधी आणि आखूड नंतर. ती विसरली की प्रशासकाचे हक्क देणाऱ्या प्रत्येक सुडो कमांडला होस्ट सापडत नसल्याची कुरकुर येते, आणि क्रम उलटा झाला तर मेलसारख्या सेवांना पूर्ण नावाच्या जागी आखूड नाव मिळतं.

जुनी नावं बदलायची असतील तर आदल्या दिवशी टीटीएल, म्हणजे उत्तर कॅशमध्ये किती सेकंद राहायचं तो आकडा, ८६४०० वरून ३०० करा. नवी ए नोंद करा, जुनं नाव सीनेमने नव्याकडे वळवा, प्रमाणपत्रात दोन्ही नावं घ्या. मग डीएनएसच्या क्वेरी लॉगमध्ये जुनं नाव अजून कोण विचारतंय ते पाहत राहा. पहिल्या आठवड्यात डेस्कटॉप सापडतील, महिन्याभरात एखादा स्कॅनर आणि बॅकअपचं काम. महिनाभर शांतता दिसली म्हणून लगेच पुसू नका. हिशेबाची काही कामं वर्षातून एकदाच चालतात, त्यामुळे जुनं नाव ३१ मार्च उलटेपर्यंत तरी राहू द्या. पुसाल तेव्हा जुन्या नावाची सीनेम, पीटीआर, यंत्रांना आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीतलं आरक्षण आणि डिरेक्टरीतलं खातं एकाच बैठकीत काढा, आणि ते नाव दुसऱ्या यंत्राला देऊ नका. जुन्या नावावर नवं यंत्र आलं की दूरच्या यंत्रावर लॉगिन करून देणारं एसएसएच किल्ली बदलल्याचा इशारा देतं, आणि लोकांना तो इशारा न वाचता पुढे जायची सवय लागते.