खाणीतले पंप थांबल्यावर पाण्याचं काय होतं?

नमस्कार, श्रोतेहो.

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी या वर्धा खोऱ्यात भूमिगत कोळसा खाणी चालवायच्या तर पाण्याचा उपसा रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. खाण बंद झाली की पंप थांबतात आणि आजूबाजूचं भूजल रिकाम्या गॅलऱ्यांमध्ये, म्हणजे खाणीतल्या बोगद्यांमध्ये, भरू लागतं. पाण्याची सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती याच काळात.

कोळशात आणि त्याला लागून असलेल्या खडकात पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज. खाण कोरडी असताना त्याला हवा आणि ओल मिळते, त्यातून आम्ल तयार होतं आणि भिंतींवर सल्फेटचे क्षार फुलतात. पाणी चढताना ते सगळे एकदम विरघळतात. म्हणून सुरुवातीचं पाणी सर्वांत वाईट. पुढे गॅलऱ्या पूर्ण बुडाल्या की हवा तुटते, पायराइटची झीज मंदावते आणि पाणी सुधारत जातं, पण त्याला कित्येक वर्षं लागतात. पातळी दर उन्हाळ्यात उतरून पावसाळ्यात चढत राहिली, तर मधल्या पट्ट्यात दरवर्षी नवे क्षार धरतात.

मेघालयात जैंतिया टेकड्यांतल्या कोळशात गंधक भरपूर, त्यामुळे तिथले ओढे थेट आम्ल झाले. आपल्याकडच्या, म्हणजे गोंडवाना प्रकारच्या, कोळशात गंधक कमी आणि खडकातली चुनखडीसारखी कार्बोनेटं आम्ल मारतात. त्यामुळे इथे सामू, म्हणजे पीएच, बहुधा ७ च्या आसपास, म्हणजे उदासीन, दिसतो. पण आम्ल मारताना कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्यात उतरतात, सल्फेट तर तसंच राहतं. पाणी जड होतं, डाळ शिजत नाही. नुसता सामू बघून पाणी चांगलं ठरवू नका.

आणखी एक फसगत आहे. खोलातलं पाणी वर येताना नितळ असतं, तासाभरात तांबूस होतं. विरघळलेल्या लोहाला हवा लागून ते गंजासारखं बाहेर पडतं आणि १ मिलिग्रॅम लोहामागे सुमारे १.८ मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल मारण्याची ताकद, खर्च होते. लिटरमध्ये २० मिलिग्रॅम लोह असेल तर ३६ मिलिग्रॅम क्षारता लागते. जवळ ३०च असेल, तर काढताना बरं वाटलेलं पाणी नंतर आम्ल होतं.

म्हणून नमुना नीट घ्या. बोअरमध्ये साचलेल्या पाण्याच्या तिप्पट पाणी आधी उपसून टाका. सामू, विद्युतवाहकता आणि क्षारता जागेवरच मोजा. लोहासाठीची बाटली ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून भरा आणि नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली आणा. आम्ल घातलं नाही तर लोह बाटलीच्या तळाशी बसतं आणि आकडा कमी येतो. न गाळता घातलं तर गाळातलं लोहही विरघळून आकडा फुगतो. सल्फेटसाठी बाटली वेगळी, बिनआम्लाची. जुन्या शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीत, वरच्या थरात गोडं आणि तळाशी खारं पाणी असू शकतं, तेव्हा दोन-तीन खोलींवरून नमुने घ्या.

लोह काढणं त्यामानाने सोपं. पायऱ्यांवरून पाणी पाडा, मग तळ्यात निवळू द्या. हवेने संपृक्त झालेल्या पाण्यातला प्राणवायू लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम लोहाला पुरतो, त्याहून जास्त असेल तर पायऱ्या आणि तळं ही जोडी पुन्हा लागते. सल्फेट मात्र यात जात नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ४००. उकळूनही ते जात नाही, उलट वाफ गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. त्यासाठी आरओ लावा किंवा दुसऱ्या स्रोताचं चांगलं पाणी त्यात मिसळा, आणि मिसळल्यावर पुन्हा तपासा.