कडक भाकरी, चटणी आणि येसर

(दृश्य: पेटती चूल, परातीत ज्वारीचं पीठ)

पुराच्या शिध्यात चालेल असं हे सोलापूरकडचं टिकाऊ जेवण. सुरुवात कडक भाकरीपासून. आधण उकळलं की ते पिठात ओतायचं. ज्वारीला गव्हाचा चिकटपणा नाही, पीठ एकजीव होतं ते गरम पाण्यानं आणि तळव्याच्या जोरानं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पावसाळा सरल्यावर काळ्या रानातल्या ओलीवर येते. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

(दृश्य: थापणारे हात, जवळून)

भाकरी किती पातळ थापली जातेय बघा. सगळी कसोटी इथंच. जाड राहिली तर पोटात ओल राहते, आणि ओल राहिली की बुरशी आलीच. साधी भाकरी भाजून झाली की ताटात जाते. कडक भाकरीला मात्र मंद आचेवर फडक्यानं दाबत राहायचं, मग आराच्या धगीला उभी करायची. टिचकी मारली की पापडासारखी वाजली पाहिजे. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात. महिनाभर तरी तिला काही होत नाही.

(दृश्य: उखळ, मुसळ, कुटण्याचा आवाज तसाच ठेवावा)

ही शेंगाची चटणी. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ. पाण्याचा थेंबही नाही. कुटता कुटता शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि चटणी गोळा होऊ लागते. मिक्सरमध्ये नुसतं कूट होतं. आम्ही दोन्ही करून पाहिलं, उखळातलीच खरी.

(दृश्य: भाजलेल्या धान्याचे ढीग, दळण)

आणि हे येसर. बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे, मिरच्या, खडा मसाला, सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळलेलं. बार्शीकडं लग्नाच्या पंगतीला याची आमटी असते. थोडं येसर गार पाण्यात कालवायचं, लसणाच्या फोडणीवर पाणी उकळलं की त्यात सोडायचं. धान्यामुळं आमटी आपोआप दाटते. ना भाजी लागते, ना वाटण. उकळी नीट येऊ द्यावी, पुराच्या दिवसांत पाण्याचा भरवसा नसतो.

(दृश्य: पाण्याखालची शेतं, शाळेच्या खोल्यांत माणसं. निवेदन थोडकं.)

सप्टेंबर २०२५. सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला पूर आला. करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांत नदीकाठची गावं पाण्यात गेली.

(दृश्य: शाळेच्या ओट्यावर आमटीचं पातेलं)

मदतीत धान्य येतं, पीठ येतं. ते शिजवायला चूल लागते, अन् चूल पाण्यात असते. इथं चाळीस माणसांना एकच स्टोव्ह, एकच पातेलं आणि डब्यातनं आलेल्या भाकरी. १९७२ च्या दुष्काळात कामावरच्या मजुरांना सुकडी वाटली होती. तयार, कोरडं अन्न वाटायची रीत आपल्याकडं जुनीच आहे. मग पुराच्या शिध्यात कडक भाकरी का नसावी? जिल्ह्यात कितीतरी बायका हाच धंदा करतात. मे महिन्यात त्यांना मागणी नोंदवली, तर पावसाआधी डबे भरून तयार होतील.

(दृश्य: आजीबाई ताटात भाकरी मोडताना)

म्हाताऱ्यांना, लहानग्यांना ती चावत नाही. आमटीत चुरायची, वर ताट झाकायचं, पाच मिनिटं थांबायचं. मऊ होते. ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांनी मात्र चटणीवर तेल घालून कोरडीच खावी.