मावा मरत नाही, त्याला उशीर होतो

(गच्चीवर. मागं कुंड्यांमध्ये गहू, ओंब्या नुकत्याच निसवलेल्या. हातात भिंग.)

"अबे पोट्ट्या, धुरा एक, विहिरीचं पाणी एक, वारंही तेच. मंग मावा माझ्याच गव्हावर काऊन?"

हा प्रश्न माझ्या काकांचा. उमरेडकडं त्यांचं वावर आहे. जानेवारीत फोन आला, तोही रागानं, जसा काही मीच मावा नागपुरातून पार्सल केला होता. शेजारच्याचा गहू स्वच्छ आणि काकांच्या ओंब्या हात लावला तर चिकट. शेजाऱ्यानं बी दुसरं पेरलं होतं. काकांचा निकाल झालेला होता: वाणाचा फरक.

नमस्कार मंडळी. आज त्या निकालाचीच तपासणी करू.

आधी एक खुलासा. पश्चिम महाराष्ट्रातली मंडळी बघत असतील, तर हा तंबाखूचा मावा नव्हे. त्याला आमच्याकडं खर्रा म्हणतात. हा मावा म्हणजे संत्र्याच्या नवतीवर, पऱ्हाटीच्या पानाखाली, करडईच्या शेंड्यावर बसणारा किडा. नाव एक असलं तरी किडे वेगवेगळे आहेत. करडईवरचा गव्हावर जगत नाही. गव्हावरही दोन-तीन प्रकार दिसतात. एक पोंग्यात आणि पानांवर राहणारा निळसर हिरवा, तोच मक्यावरही असतो. दुसरा ओंबी निसवली की थेट दाण्यांच्या मध्ये जाऊन बसतो. हे वेगळेपण लक्षात असू द्या, शेवटाकडं कामाला येईल.

(भिंग ओंबीजवळ नेत) ही बघा. पाठीमागं दोन नळ्या दिसतात ना, सायलेन्सरसारख्या? तीच ओळख. आपल्या वावरात दिसतात त्या जवळपास सगळ्या माद्या. नराची गरज नाही, अंडी घालत नाही, सरळ जिवंत पिल्लू टाकते. आणि जन्मलेल्या त्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू झालेली असते. म्हणजे आई, लेक आणि नात एकाच अंगात. चार वेळा कात टाकली की पिल्लाची मादी तयार. हवा मानवली, म्हणजे वीस ते पंचवीस अंश असली, तर या सगळ्याला आठवडाभर पुरतो.

आता वाण कुठं येतो ते बघू.

माव्याचं जेवण म्हणजे झाडाच्या अन्नवाहिनीतला रस. या रसात साखर चिक्कार आणि अंग धरायला लागणारे नत्राचे घटक, अमिनो आम्लं, फार थोडी. म्हणून तो भरमसाट रस ओढतो आणि नको असलेली साखर मागून सोडून देतो. काकांच्या हाताला लागला तो चिकटा हाच. त्याच्यावर मग काळी बुरशी चढते. उरलेली कमी भरून काढायला त्याच्या शरीरात बुकनेरा नावाचे जिवाणू राहतात, ते त्याला काही अमिनो आम्लं बनवून देतात. तरी एकूण संसार काटकसरीचाच. रसाची प्रत जराशी घसरली की पहिला फटका वाढीला बसतो, दुसरा पिल्लांच्या संख्येला. आणि रसाची प्रत वाणावाणात वेगळी असते.

गव्हाकडं एक विषही आहे. डिंबोआ म्हणतात त्याला. झाड ते साखरेला जखडून, निरुपद्रवी करून ठेवतं. पेशी दुखावली की जखड सुटते. काही वाणांत ते जास्त, काहींत नावापुरतं. पण याची एक खोड आहे. कोवळ्या रोपात ते भरपूर असतं आणि झाड मोठं होत गेलं की उतरत जातं. त्यामुळं रोपावरच्या चाचणीत पहिला आलेला वाण ओंबीवरच्या माव्यापुढं पहिला येईलच असं नाही. "प्रयोगशाळेत सिद्ध" असं कुठं वाचलंत, तर रोपावर की ओंबीवर, एवढं नक्की विचारा.

झाड माव्याला कसं अडवतं, याचे तीन मार्ग अमेरिकेतल्या कॅन्सासचे कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ मध्ये मांडले. आजही तीच चौकट चालते. पहिला, झाड माव्याला आवडतच नाही. पानावरची लव, मेणाचा थर, रंग यामुळं तो उतरून निघून जातो. दुसरा, बसतो पण अंगी लागत नाही. तिसरा, मावा मजेत वाढतो पण झाड सोसतं. तिसरा मला फारसा आवडत नाही. झाड सोसतंय म्हणून शेतकरी निश्चिंत, आणि तिथंच तयार झालेला मावा शेजारच्या वावरात. शिवाय यातले काही मावे गव्हा-जवाचा पिवळा खुजा रोग पसरवतात, तो विषाणू सोसण्याची वाट बघत नाही.

खरा खेळ दुसऱ्या मार्गाचा. अंगी लागत नाही हे मोजतात कसं? 

केसांच्या चिमट्यासारखा एक इवलासा पिंजरा पानाला लावतात. आत नुकतं जन्मलेलं एकच पिल्लू. मग रोज जाऊन बघायचं: कात कधी टाकली, पहिलं पिल्लू कितव्या दिवशी दिलं, रोज किती दिली, मेलं कधी. मोजलेलं पिल्लू काढून टाकायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी हिशेब बिघडतो. डोळे फुटायची वेळ येते या कामात.

यापेक्षा भारी प्रकार मॅक्लीन आणि किन्सी या संशोधकांनी १९६४ मध्ये दाखवला. माव्याच्या पाठीवर चांदी मिसळलेल्या डिंकाच्या थेंबानं सोन्याची तार चिकटवतात, केसाहून बारीक. दुसरी तार कुंडीच्या मातीत. माव्यानं सोंड झाडात खुपसली की सर्किट पूर्ण, आणि पडद्यावर रेघ उठते. सोंड नुसती चाचपडते आहे की अन्नवाहिनीत पोहोचून रस ओढते आहे, हे रेघेवरून कळतं. (हसत) इतवारीत एखाद्या सराफाकडं जाऊन "माव्यासाठी सोन्याची तार द्या" म्हणून बघा. पण याच तारेनं दाखवलं की न मानवणाऱ्या झाडावर मावा पुन्हा पुन्हा सोंड काढतो, खुपसतो, सलग रस प्यायला त्याला फार वेळ लागतो. पोट भरायला उशीर, वाढीला उशीर.

आता वही काढा. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, कुठल्याही वाणाचे नाहीत. पण सूत्र खरं आहे, वायट आणि व्हाइट यांचं, १९७७ चं. पहिलं पिल्लू देईपर्यंत किती दिवस लागले आणि पुढच्या तितक्याच दिवसांत किती पिल्लं दिली, एवढ्या दोन गोष्टींवरून वाढीचा वेग निघतो.

एक मादी. सातव्या दिवशी पिल्लं द्यायला लागली, रोज सहा. वीस दिवसांत कागदावर गोतावळा होतो २६५० च्या आसपास.

आता वाण असा धरू की पिल्लं निम्मीच होतात, रोज तीन. सुरुवात मात्र सातव्याच दिवशी. आकडा येतो साधारण ६१५.

आता तिसरा वाण. पिल्लं पूर्ण सहा, काहीच कमी नाही. फक्त सुरुवात सातव्याऐवजी नवव्या दिवशी. किती येईल? थांबवा व्हिडिओ, अंदाज करा.

साधारण ६९५.

दोन दिवसांच्या उशिरानं जवळपास तेवढंच काम केलं जेवढं पिल्लं निम्मी करून झालं असतं! आणि उशीर तीन दिवसांचा झाला, तर आकडा ४२० वर येतो, म्हणजे निम्म्या पिल्लांपेक्षाही बरा. कारण सरळ आहे. उशीर एका मादीला होत नाही, तिच्या प्रत्येक लेकीला, प्रत्येक नातीला तो पुन्हा होतो. सावकाराचं व्याज माहीत असलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि आपल्या नागपूरकडं तर हे दुप्पट महत्त्वाचं. माव्याला इथं मुळात वेळच कमी. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी सरेपर्यंत धरले तर पंच्याहत्तर दिवस. त्यातही जानेवारीच्या गार रात्री त्याला मंदावतात. मार्चमध्ये पारा पस्तिशीपुढं सरकला की त्याचं आटोपतं. पंच्याहत्तर दिवसांत सातच्या हिशेबानं दहा पिढ्या, नऊच्या हिशेबानं आठ. दर पिढीतला दोन-दोन दिवसांचा उशीर साचून शेवटच्या दोन पिढ्या खातो, आणि सगळ्यात मोठी फौज त्या शेवटच्या दोन पिढ्यांचीच असते. मावा खाणाऱ्या ढालकिड्यांनाही तेवढी सवड मिळते. (ओंबीवरचा लाल ढालकिडा दाखवत) हे साहेब उशिरा येतात, पण जेवायला बसले की उठत नाहीत.

आता कमेंटमध्ये येणारच: "भाऊ, मावा न येणारा वाण सांगा." असा वाण मी सांगू शकत नाही, आणि कृषी केंद्रावाला छातीठोक सांगत असेल तर बिलावर लिहून मागा. मघाशी म्हटलं ना, मावे वेगवेगळे. एकाला न मानवणारा गहू दुसऱ्याला पक्वान्न असू शकतो. शिवाय मावाही शिकतो. अमेरिकेत कोलोराडोमध्ये रशियन गहू-मावा नावाच्या किडीसाठी १९९४ मध्ये "हॉल्ट" हा प्रतिकारक वाण आणला. नावच हॉल्ट, म्हणजे थांब. छान चालला. २००३ मध्ये त्याच माव्याचा नवा प्रकार निघाला आणि त्यानं हा प्रतिकार सरळ ओलांडला. प्रतिकार एकाच जनुकावर टांगलेला होता. नुसता उशीर करणाऱ्या, अनेक जनुकांच्या मिळून बनलेल्या प्रतिकाराची जाहिरात होत नाही, पण तो असा एका झटक्यात सहसा तुटत नाही.

आणि एक गोष्ट वाणाची सगळी कमाई घालवू शकते. युरिया. बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हाला आपल्याकडं हेक्टरी १२० किलो नत्र सांगतात, अर्धं पेरताना, अर्धं एकवीस दिवसांच्या पाण्याला. त्यावर जास्तीचं ओतलं की तेच नत्र अमिनो आम्लं होऊन रसात उतरतं. ज्या गोष्टीची माव्याला टंचाई होती, ती आपण पोत्यानं पुरवतो. उशीर करणारा वाणही मग उशीर करेनासा होतो.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "म्हणजे पुढच्या साली शेजाऱ्याचंच बी घेतो."

म्हटलं, "घ्या ना. पण काका, युरिया किती टाकला होता?"

"सांगितला तेवढाच."

"नक्की?"

थोडा वेळ नुसता पंपाचा आवाज.

"नाताळाच्या सुमारास पिवळा दिसून राहिला होता बाप्पा. मंग एक बॅग आणखी दिली."