ओळखीचं गिऱ्हाईक आणि अनोळखी फीड

मंडळी, सुरुवात एका कबुलीनं करतो. दहा-बारा वर्षांपूर्वी छोट्या व्यावसायिकांना मी अगदी छातीठोकपणे सांगत असे, आधी लाइक जमवा, धंदा मागून येईल. तेव्हा या सल्ल्यात काही वावगं वाटत नव्हतं. फेसबुकनं २००७च्या नोव्हेंबरात व्यवसायांसाठी पेज सुरू केली, २००९ मध्ये लाइकचं बटण आलं. पेजवर टाकलेली गोष्ट ते पेज लाइक केलेल्यांपर्यंत बऱ्यापैकी पोचायची. हजार माणसं जमली की हजार माणसांच्या नजरेसमोर आपली पाटी लागली, असा आमचा साधा हिशेब होता.

तो फसला गर्दीमुळे. २०१४ मध्ये फेसबुकनं स्वतःच खुलासा केला की माणूस एकदा फेसबुक उघडतो तेव्हा त्याला दाखवता येतील अशा सरासरी १,५०० गोष्टी रांगेत असतात आणि त्यातल्या सुमारे ३०० निवडून पुढे केल्या जातात. उरलेल्या १,२०० मध्ये आपण होतो! निवड कशावर? तर कोणत्या गोष्टीला माणूस प्रतिसाद देईल या अंदाजावर. आता बघा, 'उद्या दुकान दुपारी दोननंतर उघडेल' या पोस्टवर कोण लाइक करणार? कोण कमेंट लिहिणार? पण ज्याला उद्या सकाळी यायचं आहे त्याच्यासाठी तुमच्या पेजवरची सगळ्यात कामाची ओळ तीच. उपयोग आणि प्रतिसाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही निवड करणाऱ्या यंत्राला मोजता येतो तो प्रतिसाद.

पुढे जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकचे प्रमुख झुकरबर्ग यांनी जाहीरच केलं की फीडमध्ये, म्हणजे ॲप उघडल्यावर समोर येणाऱ्या पोस्टच्या यादीत, नातेवाईक आणि मित्रांना अग्रक्रम, व्यवसायांच्या पोस्ट कमी. म्हणजे ज्याला दिसायचंय त्यानं बूस्ट करावं, पैसे भरून आपली पोस्ट पुढे ढकलावी. कंपनीनं पैसे मागितले याबद्दल माझी तक्रार नाही, ती काही धर्मादाय संस्था नव्हे. पण ही जागा ठरलेल्या दरानं मिळत नाही, तिचा लिलाव होतो. ज्या आठवड्यात मोठ्या कंपन्या पैसा ओततात त्या आठवड्यात तीच जागा तुम्हालाही महाग पडते, आणि तुमची जाहिरात आदल्या आठवड्याइतकीच चांगली असूनही 'या वेळी चालली नाही' असं तुम्हाला वाटतं.

इथपर्यंत निदान एक गोष्ट शाबूत होती. कमी का होईना, तुमची पोस्ट तुमच्या ओळखीच्यांनाच जायची. दुसऱ्या बदलानं तीच काढून घेतली.

टिकटॉकनं जे केलं ते मुळात वेगळं होतं. तुम्ही कोणाला फॉलो करता याला तिथे फारसं महत्त्व नाही. व्हिडिओ आधी थोड्या लोकांपुढे टाकायचा, ते किती वेळ थांबतात ते बघायचं, थांबले तर आणखी लोकांपुढे न्यायचा. २०२०च्या ऑगस्टमध्ये इन्स्टाग्रामनं रील्स हे छोटे व्हिडिओ आणले, त्याच सुमारास यूट्यूबनं तसेच शॉर्ट्स आणले. २०२१च्या जूनमध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी म्हणाले की आम्ही आता फोटो शेअर करण्याचं ॲप राहिलेलो नाही. ज्यांनी पाच-सहा वर्षं खपून फोटोंचं सुंदर पान उभं केलं होतं त्यांनी हे वाक्य कसं ऐकलं असेल, कल्पना करा.

याची एक बाजू खरोखर चांगली आहे. काल अकाउंट उघडलेल्या माणसाचा व्हिडिओ आज लाखभर लोक बघू शकतात. पूर्वी हे शक्य नव्हतं. पण ते लाखभर कोण? समजा एखादा शिंपी आहे. त्याची गिऱ्हाइकं अर्ध्या तासाच्या अंतरातली, कारण माप द्यायला यावं लागतं. दिवसाला त्याच्या हातून निघणार दोन-तीन कपडे. त्याला लाख माणसं लागतच नाहीत. त्याला लागतात दोनशे, पण तीच तीच, वर्षातून तीनदा येणारी. छोटा धंदा बहुतेक वेळा परत येणाऱ्या माणसांवर उभा असतो. आणि आजचं फीड नेमकं उलटं काम करतं. ते तुम्हाला न ओळखणाऱ्यांकडे घेऊन जातं आणि ओळखणाऱ्यांना दुसऱ्याच कोणाचं तरी दाखवतं.

यात एक गंमत आहे, खरं तर फसगतच. मातीची भांडी करणाऱ्याचा कोणता व्हिडिओ चालतो? चाकावर ओली माती वर चढतानाचा. बघायला मोठं सुख असतं, मीही बघत बसतो. पण विकायचं असतं भाजलेलं भांडं. यंत्र शिकतं की या माणसाचे व्हिडिओ चाक बघायला आवडणाऱ्यांना दाखवावेत, आणि तसे प्रेक्षक ते शोधूनही आणतं. मग कारागीर आणखी चाक दाखवतो. वर्षभरात त्याचं अकाउंट फुगतं, विक्री होती तिथेच राहते, आणि त्याला कळत नाही की चुकलं कुठे. त्याला प्रेक्षक मिळाले, गिऱ्हाईक नाही.

आणि वेळ. इन्स्टाग्रामवर आधी फोटो, २०१६ पासून दिवसभरात नाहीशी होणारी स्टोरी, मग रील. दर खेपेला नवी कला शिकायची. मोठ्या कंपनीत त्यासाठी माणसं असतात. इथे मालक शटर ओढल्यावर रात्री दहाला मोबाइल स्टँडला लावतो. 'सोशल मीडिया फुकट आहे' असं म्हणणाऱ्यांनी त्या रात्रींचं बिल कधी काढलेलं नसतं.

जाहिरातींचं गणितही मध्येच बिघडलं. २०२१च्या एप्रिलमध्ये ॲपलनं आयफोनवर नियम आणला: दुसऱ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये आणि साइटवर वापरणाऱ्याचा माग काढायचा तर आधी त्याची परवानगी घ्या. वापरणाऱ्यांच्या दृष्टीनं हे योग्यच झालं. पण कोणत्या जाहिरातीमुळे कोण आलं हे सांगणारा धागा त्यामुळे तुटला. २०२२ मध्ये मेटानं, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीनं, अंदाज दिला की त्या वर्षी आपलं सुमारे १० अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडेल. त्याआधी याच कंपनीनं वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन 'आम्ही छोट्या व्यवसायांसाठी लढतोय' असं सांगितलं होतं. आपली काळजी कोणाला कधी वाटू लागते ते बघावं!

प्लॅटफॉर्म बंद पडण्याबद्दल फार बोलत नाही. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, व्हाइन २०१७ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये. टिकटॉकवर भारतात २०२० मध्ये बंदी आली. या जागांना लोक भाड्याच्या घराची उपमा देतात. मला ती जरा उदार वाटते. भाडेकरूला निदान नोटीस मिळते, आणि घर सोडताना सामान नेता येतं. इथे फॉलोअर्सची यादी उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं एवढंच की दोन कामांची गल्लत थांबवा. अनोळखी माणसापर्यंत पोचायला फीड वापरा, आठवड्याला एखादं रील, तेही जमेल तसं. त्यात 'चाका'बरोबर भांडं, मिळण्याचं ठिकाण आणि वेळ दिसू द्या. व्ह्यूज कमी होतील, होऊ द्या. ओळखीच्या माणसाशी बोलणं मात्र फीडवर सोडू नका. त्याचा नंबर किंवा ईमेल, त्याला विचारून, तुमच्या वहीत असला पाहिजे. व्हॉट्सॲपही एक प्लॅटफॉर्मच आहे, मान्य. पण ते उद्या बदललं तरी नंबर वहीत राहतो. एक बारकावा: व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप ज्यानं तुमचा नंबर साठवलाय त्यालाच जातो. म्हणून त्याचा नंबर घेताना तुमचाही त्याच्या मोबाइलमध्ये तिथल्या तिथे साठवून घ्या. संकोच वाटतो, पण रात्रभर रील एडिट करण्यापेक्षा सोपं आहे.

मघाशी मागून एकानं विचारलं, उद्या नवं ॲप आलं तर जायचं का? पहिल्या दिवशी जा आणि आपल्या दुकानाच्या नावानं अकाउंट उघडून ठेवा, म्हणजे ते नाव दुसरं कोणी घेणार नाही. मग परत या. गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि नव्या प्रत्येक माणसाला विचारा, आमच्याबद्दल कुठे कळलं? मित्राकडून, नकाशावर शोधून, की कुठल्या ॲपवर, तेवढंच लिहा. त्या वहीत नव्या ॲपचं नाव तीन-चारदा आलं की तिथे वेळ घालायला लागा. तोवर ते अकाउंट रिकामं राहिलं तरी चालेल.

बरं, पुढचा प्रश्न?