कांपुंगचं अंगण कोण जपणार?

क्वालालंपूरला जाऊन आलेल्यांनी पेट्रोनासचे जुळे मनोरे पाहिले असतीलच. 452 मीटर उंच. तिथून नदी आणि हमरस्ता ओलांडला की खांबांवर उभी लाकडी घरं, नारळ, केळी असं एक मलय गाव लागतं. त्याचं नाव कांपुंग बारू. कांपुंग म्हणजे मलय गाव.

आधी घर बघू. पारंपरिक मलय घर जमिनीपासून उचललेलं असतं. पुराचं पाणी खालून निघून जातं, ओल चढत नाही, फळ्यांच्या फटींतून वारा वर येतो. खिडक्या थेट तळफळीपर्यंत, कारण माणसं खाली बसतात आणि वारा बसलेल्याच्या अंगाला लागायला हवा. फार विचारानं केलेली गोष्ट आहे ही! खिळ्यांऐवजी लाकडाला खाचा पाडून सांधे बसवतात, म्हणून घर सोडवून दुसरीकडे उभारता येतं. मलेशियाच्या केदाह राज्यातल्या पेंघुलू अबू सेमान या गावप्रमुखाचं घर असंच 1990च्या दशकात बादान वारिसान मलेशिया या संस्थेनं राजधानीत आणलं. काम सुरेख आहे. तरी ते बघताना मला चुकचुकल्यासारखं होतं, कारण घराभोवतीचं गाव केदाहलाच राहिलं.

कांपुंगमध्ये घरं विरळ आणि वेडीवाकडी पसरलेली असतात, म्हणून एकाचा वारा दुसरा अडवत नाही. नारळ उंच वाढतो. वर सावली, खाली वाऱ्याला वाट मोकळी. कुंपण नसतं. पायवाट शेजाऱ्याच्या अंगणातूनच जाते, आणि येणारा-जाणारा पुढच्या सेरांबीत, म्हणजे ओसरीवर, बसलेल्याशी चार शब्द बोलतो. आता कुणी एकानं विटांची भिंत घातली आणि अंगणात काँक्रीट ओतलं, की पायवाट तुटते, जमीन तापते, शेजारच्या घरात पंखा लागतो. एकही जुनं घर न पाडता गाव मोडलेलं असतं.

मलेशियात 2005चा राष्ट्रीय वारसा कायदा आहे. तिथली मलाक्का आणि जॉर्ज टाउन ही शहरं 2008मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, ती बंदरं म्हणून. तिथला दिमाख दुकानघरांचा, म्हणजे खाली दुकान आणि वर घर अशा इमारतींचा. इमारतीची नोंद करणं सोपं असतं. मोकळ्या जागेची नोंद कोण करणार?

कांपुंग बारूची अडचण तर जमिनीच्या कागदात आहे. इंग्रजांच्या अमदानीत, 1900मध्ये, मलय लोकांनी शेती करून राहावं म्हणून ही वसाहत राखून ठेवली. जमीन मलयेतरांना विकता येत नाही, म्हणूनच ती शहराच्या पोटात इतकी वर्षं टिकली. पण इस्लामी वारसाहक्कानं प्रत्येक पिढीत वाटे पडत गेले. कोकणातल्या एखाद्या सामाईक घराचा सातबारा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे एका तुकड्यावर किती नावं असतील ते कळेल. छप्पर बदलायला कुणाची सही घ्यायची? 2019मध्ये सरकारनं पुनर्विकासासाठी चौरस फुटाला 850 रिंगिट (मलेशियाचं चलन) देऊ केले, मग 1,000. मालकांचं एकमत झालं नाही.

जमीन विकू पाहणाऱ्यांना दोष देण्याचा अधिकार मला वाटत नाही. गळकं घर त्यांचं आहे, हौस आपली. माझं मागणं लहान आहे. घराच्या डागडुजीला अनुदान द्यायचं तर अट खांबांची किंवा नक्षीची नको. कुंपण घालणार नाही आणि पायवाट अडवणार नाही, एवढीच असावी. आणि ते पैसे नावं लागलेल्या सगळ्यांची वाट न बघता, त्या घरात प्रत्यक्ष राहतो त्याच्या हाती पडावेत.