दोन बोटं

[पुणे, लक्ष्मी रस्ता, पालखीचा दिवस. कॅमेरा खाली, पायांच्या गर्दीत.]

या उंचीवरून पालखी अशी दिसते. नऊवारीचे घोळ, चिखल उडालेली धोतरं, रबरी चपला, कुणाची तरी कापडी पिशवी थेट नाकासमोरून जाते. टाळ-मृदंग वर कुठंतरी चाललाय. खाली ऐकू येतात ते नुसते पाय. कॅमेरा जमिनीपासून अडीच फुटांवर धरलाय. सव्वादोन वर्षांच्या मुलीचे डोळे साधारण इथंच असतात.

[मुलगी चौकटीत येते.]

ही ती मुलगी. पाठीवर लाल पट्ट्यांची फुली, फुलीच्या मधोमध एक कडी, आणि कडीतून निघालेली पट्टी आजीच्या मनगटात. गर्दीत पोर हरवू नये म्हणून घातलेला हा पट्टा. आजी बघतायत माउलींच्या वाटेकडे. नात बघतेय फुगेवाल्याकडे. दोघींच्या मध्ये सव्वा मीटर अंतर.

आता मागे उभ्या असलेल्या काकूंचा चेहरा बघा.

[तीन सेकंद निवेदन नाही.]

त्या काय म्हणाल्या ते माइकनं नीट पकडलं नाही. आजींनी मात्र ऐकलं. बागेत ऐकलं होतं, सोसायटीच्या जिन्यात ऐकलं होतं, तेच इथंही. लेकरू आहे का वासरू? दावं कसलं बांधलंय?

[आजींचं स्वयंपाकघर. भिंतीवरचं कॅलेंडर.]

या कॅलेंडरच्या तारखा कधीच फाडून झाल्या. चित्रासाठी ते ठेवलंय. यशोदा, उखळ, आणि उखळाला बांधलेला कृष्ण. दाम म्हणजे दोर, उदर म्हणजे पोट. दामोदर हे नाव याच प्रसंगातलं. भागवताच्या दशम स्कंधात ही गोष्ट आहे: यशोदा दोर आणते, तो दोन बोटं कमी पडतो. दुसरा आणून जोडते, पुन्हा दोनच बोटं कमी. घरातले सगळे दोर संपतात, गोपी हसायला लागतात, आणि आई घामाघूम झालेली बघून शेवटी पोरगाच बांधून घेतो. पुढे तो उखळासकट निघतो आणि दोन झाडं पाडतो, ते सगळ्यांना माहीत आहे.

दह्याचं मडकं फोडलं म्हणून ती शिक्षा होती, हे आम्ही आजींना म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, "असेल. पण पोरगं सापडलं ना जागेवर?"

[जुन्या वस्तू: पायातले वाळे, करदोटा, पांगुळगाडा.]

वाळ्यांतल्या या घुंगरांचा आवाज ऐका. दागिना म्हणून घालायचे, खरंच आहे. पण आई चुलीशी असताना पोर कुठल्या खोलीत आहे, उंबऱ्याशी पोचलं का, हे पाठ न वळवता याच आवाजातून कळायचं. आवाज थांबला की उठायचं. युरोपात तर १७व्या आणि १८व्या शतकात लहान मुलांच्या झग्यांना खांद्यापाशीच दोन लांब पट्ट्या शिवलेल्या असायच्या. चालायला शिकताना मागून मोठ्यांनी धरायच्या.

[रविवार पेठ. अरुंद जिना, वर माडी, शिलाई मशिनचा आवाज.]

पट्टा शिवला गेला तो इथं. हे काका तीस-एक वर्षं शाळेची दप्तरं आणि डब्याच्या पिशव्या शिवतायत. सामान खालच्या बोहरी आळीतून येतं: नायलॉनची पट्टी मीटरवर, बकल डझनावर, फोम शीटवर.

आधी माप. मुलगी उभी राहत नाही, हे उघड आहे. तिसऱ्या प्रयत्नाला तिच्या हातात खडू दिला तेव्हा छातीचं माप मिळालं. खांद्यावरून पाठीपर्यंत एक, काखेखालून गोल दुसरं. काका ते पाटीवर लिहीत नाहीत, टेपवरच नखानं खूण करतात.

मग पट्टी कापायची. कापलेलं टोक असंच ठेवलं तर धागे सुटतात, म्हणून ते मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचं. नायलॉन वितळतं, कडा काळी होते आणि बोटानं दाबली की बंद. बोट काकांचंच. भाजत नाही का, विचारलं तर नुसते हसले.

[जवळून: सुई, चौकट, फुली.]

ताण जिथं बसतो तिथं साधी शिवण चालत नाही. आधी चौकट, मग चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली. दप्तराचा पट्टा जिथं सगळ्यात आधी उसवतो तिथं काका हाच टाका घालतात. खांद्याच्या आतल्या बाजूला फोम, त्यावर सुती कापड, कारण नायलॉन घामात चावतं. बकल पाठीवर. पुढे ठेवलं तर दोन वर्षांचं पोर दोन दिवसांत उघडायला शिकतं, असं काकांचं मत आहे, आणि त्यांना चार नातवंडं आहेत.

शेवटी हुक. हा फिरता हुक, पट्टीला पीळ पडू देत नाही. आम्ही विचारलं, हा कुठला? काका थोडं थांबले. "ताई, हुक तोच असतो. कुत्र्याच्या पट्ट्याचाच. बाजारात दुसरा मजबूत येत नाही." कॅमेरा चालू होता. हे वाक्य ठेवावं का, यावर आमच्यात बराच वाद झाला.

[काका मुलीला पट्टा घालतात. दोन बोटं पट्ट्याखाली सरकवून बघतात.]

आता हे बघा. छातीवरचा पट्टा आवळला, आणि काकांनी आत दोन बोटं घातली. दोन बोटं सहज गेली पाहिजेत. त्याहून घट्ट झाला तर श्वासाला त्रास, त्याहून सैल झाला तर पोर खालून निसटणार. यशोदेचा दोर ज्या मापानं कमी पडायचा, त्याच मापाची जागा काका इथं मुद्दाम सोडतात. त्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "बोटं कुणाची? माझी जाड आहेत."

[दुचाकी, मागे आई, पुढे बांधलेलं मूल.]

काका मुळात या कामाकडे वळले ते दुचाकीमुळे. १५ फेब्रुवारी २०२२ ला केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत बदल केला आणि वर्षभरानंतर तो लागू झाला. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर त्याला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांच्या पुढच्या मुलाला हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. पट्टा ३० किलो वजन पेलेल असा हवा, हेही त्यात आहे. मुलगी आहे १२ किलोची.

म्हणजे मूल गाडीवर बसलं की पट्टा हा कायदा. तेच मूल गाडीवरून उतरून लक्ष्मी रस्त्यावर चालायला लागलं की पट्टा म्हणजे जनावराचं दावं. काकांच्या गिऱ्हाइकांतल्या काही आयांनी गाडीचाच पट्टा उलटा घालून बाजारात वापरायला सुरुवात केली. तेव्हा काकांनी कात्री घेतली आणि हा वेगळा बेतला.

[लक्ष्मी रस्ता. एक माणूस मुलाचा हात धरून झपाझप चालतोय.]

हात धरायचा, एवढंच, असं म्हणणारे पुष्कळ. या मुलाचा हात बघा. मोठ्याची मूठ कमरेपाशी, मुलाचा हात डोक्याच्या वर. असं अर्धा तास चालून बघा. आणि मूल धावलं, मोठ्यानं हिसका दिला, की कोपरातलं हाड जागेवरून सरकतं. एक ते चार वर्षांच्या मुलांत हे नेहमी होणारं दुखणं आहे, डॉक्टर ते झटक्यात बसवतात. पण तोवरचं रडणं ज्यांनी ऐकलंय त्यांना विचारा. पट्ट्याचा ताण छातीवर आणि पाठीवर पसरतो. हात मोकळे राहतात, दोन्ही. फुगा धरायला.

पट्टा मुलाच्या मानेला नको, मनगटाला नको, बाकड्याला किंवा खांबाला बांधून पाठ फिरवणं तर नकोच. घसरगुंडीवर, सरकत्या जिन्यावर, लिफ्टच्या दाराशी काढायचा किंवा मुलाला उचलायचं. आणि गर्दीत मूल खरंच हरवलं, तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास.

[शहराबाहेरची इमारत. खांब, ओढणी, दीड वर्षाचं मूल. चार सेकंद.]

हेही बांधलेलंच मूल. आई वर स्लॅबवर आहे. पन्नासहून जास्त बायका जिथं बांधकामावर असतात तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, असं १९९६ चा कायदा सांगायचा. इथं बायका नऊ.

[दुसरा दिवस. नाना पेठ, निवडुंग्या विठोबाच्या बाजूची रांग.]

तुकोबांची पालखी इथं, माउलींची भवानी पेठेत. दोन रात्रींचा मुक्काम, त्यामुळे आज रस्त्यावर घाई नाही. नुसती गर्दी. मुलगी रस्त्यातच खाली बसलीय. वारीतल्या एका म्हातारीचे टाळ तिच्या हातात आलेत आणि ते ती एकमेकांवर आपटण्याऐवजी जमिनीवर आपटतेय. पट्टी सैल, आजी फुटपाथच्या कडेला टेकल्यात.

म्हातारीनं मुलीच्या पाठीवरची कडी उचलून बघितली. बकल दाबून बघितलं.

"केवढ्याला बसलं?"

"साडेतीनशे."

"लई घेतले की वो." आणि तिनं टाळ परत मागितले. मुलगी देईना.

[टाळांचा आवाज. नावं.]