रेगेन्सबुर्ग : दगडी पुलावरून पायी

जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला डॅन्यूब नदीवरची क्रूझची बोट थांबते ती दगडी पुलाच्या खालच्या अंगाला. कमानींतून तिला वाट नाही. मोठ्या बोटी 1978 पासून उत्तरेकडच्या कालव्यातून, जलपाशातून (बोट पाण्यासकट वर उचलणाऱ्या दरवाजांच्या कुंडातून) वर जातात. शहर पाहायचं तर इथं उतरून चालायचं.

पुलावर चढण्याआधी काठावर थांबा. खांबांचे पाय पाहा. प्रत्येक खांबाभोवती दगडांनी बांधलेलं एक लांबट, टोकदार बेट आहे. डॅन्यूबनं पाया खरवडून नेऊ नये म्हणून घातलेलं हे चिलखत. पण त्यानंच नदीची वाट आवळली. वरच्या बाजूला पाणी तुंबतं, कमानीतून सुसाट सुटतं आणि खाली असे भोवरे पडतात. प्रवाहाविरुद्ध येणाऱ्या होड्यांना इथं ओढूनच वर न्यावं लागे.

बांधकाम 1135 ते 1146. पहिल्या वर्षीचा उन्हाळा विलक्षण कोरडा होता, नदी खूप उतरली होती. पाया घालायला ते पथ्यावर पडलं. मूळच्या कमानी 16, आज दिसतात 14. मनोरे तीन होते, उरला हा दक्षिणेचा एक. 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानंच पुलाचा काही भाग उडवला.

त्यानंतरची झीज मात्र संथ होती. वरून झिरपणारं पाणी, आणि त्यात हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ. मीठ दगडात मुरतं, पाणी सुकलं की त्याचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून 2010 ते 2018 मोठी दुरुस्ती झाली : झिजलेले दगड बदलले, पाणी अडवणारा थर घातला, वर नवी फरसबंदी. मोटारी 1997 लाच बंद झाल्या होत्या, बस 2008 ला. बसना लांबचा वळसा पडला. पूल मात्र पायी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मिळाला, आणि तेच योग्य झालं.

मनोऱ्याखालून आत शिरलं की कॅथेड्रलच्या मागच्या गल्लीत रोमन छावणीचं उत्तर दार, इसवी सन 179 चं. मोठमोठे घडीव दगड नंतरच्या इमारतीच्या भिंतीत तसेच उभे आहेत. पुढे नॉयफार प्लाट्झ हा चौक. 1519 मध्ये इथल्या ज्यूंना हाकललं, त्यांचं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग, पाडलं. त्याचा आराखडा आता पांढऱ्या काँक्रीटमध्ये.

बोट सुटायला वेळ असेल तर पुलाच्या पलीकडे श्टाटआमहोफपर्यंतही जा; 2006 च्या जागतिक वारसा यादीत तो भाग जुन्या शहरासोबतच आहे. रस्ते गोट्यांचे आहेत, ओले झाले की घसरतात. जाड रबरी तळव्याचेच बूट घाला.